पहिल्या पावलाचं दुखणं

सत्यवान गावकराने अनवाणी चालायचं ठरवलं, त्याला कारण त्याची पँट. भाच्याच्या लग्नाला म्हणून मे महिन्यात शिवलेली ती पँट श्रावणात हुकापाशी येऊन अडली. पावसाळी हवेने कापड आटलं, असं सत्यवानाचं म्हणणं होतं. पँट कपाटात होती आणि पाऊस बाहेर पडत होता, एवढंच त्याच्या बायकोने, सुगंधाने, त्याच्या नजरेस आणून दिलं. ही दोन हजार सातची गोष्ट. सत्यवान मालवणच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ कारकून होता, आचऱ्याच्या वाटेवरच्या वडभाटी गावातून रोज एसटीने जायचा, आणि वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत छापून आलेलं सगळं खरं असतं असं मानायचा.

पँट अडली त्याच रविवारी पुरवणीत 'अनवाणी चाला, वजन घालवा' असा लेख होता. खाली एका सडपातळ माणसाचा फोटो होता. (तो माणूस लेखाच्या आधीपासूनच सडपातळ असेल, हा विचार सत्यवानाला फार पुढे सुचला.) दुसऱ्या दिवसापासून सत्यवान सकाळी घरापासून सातेरीच्या देवळापर्यंत आणि परत असा अनवाणी चालू लागला. त्या रस्त्यावर जांभा दगड फोडून टाकलेला आहे. गुरंसुद्धा कडेच्या गवतातून जातात. सत्यवान मात्र मधून गेला, कारण पुरवणीत मधून-कडेने असं काही दिलेलं नव्हतं.

पँटीचा हूक काही लागला नाही. पण गणपती विसर्जनानंतरच्या एका सकाळी सत्यवान खाटेवरून उतरला, उजवा पाय जमिनीला टेकवला आणि अशी किंकाळी फोडली की शेजारच्या मथुराकाकीच्या कोंबड्या माडावर चढायच्या बेतात आल्या. टाचेत कुणीतरी तापलेल्या सुया खोचून ठेवल्या होत्या. सुगंधा हातात झाडू घेऊन धावत आली.

"काय झाला? इंचू?"

"टाच गो, टाच! मेलंय!"

तिने त्याची टाच उलटसुलट करून पाहिली. सूज नाही, काटा नाही, लालीसुद्धा नाही.

"हयसर तर कायच नाय. चला बगूया जरा."

सत्यवान भिंतीला धरत पडवीपर्यंत गेला, पडवीतून विहिरीपर्यंत गेला, आणि विहिरीवर पोचेपर्यंत दुखणं जवळजवळ गेलं. हा त्या दुखण्याचा पहिला हलकटपणा.

"आता?" सुगंधाने विचारलं.

"आता… तितक्यासा नाय."

"मगे वरडलास कित्याक?"

पुढे रोज हेच व्हायला लागलं. बसून उठला की पहिल्या चार पावलांना प्राण कंठाशी यायचे, आणि थोडं चाललं की माणूस ठणठणीत. आता सत्यवान घरात बसलेला केव्हा असायचा? सुट्टीच्या दिवशी, पेपर वाचत. आणि सुगंधा हाक केव्हा मारायची? बंदरावर होड्या लागल्या की. "अवो, बांगडे आणतास काय?" म्हटलं की सत्यवान उठायचा, कळवळायचा, दाराची चौकट धरायचा. सुगंधा बघत राहायची. मग तो पिशवी घेऊन लंगडत निघायचा आणि परत येताना वाटेतल्या प्रत्येकाशी गप्पा छाटत, गाणं गुणगुणत, तरातरा चालत यायचा. सुगंधाने हे दोन-तीनदा खिडकीतून पाहिलं आणि मनाशी निकाल देऊन टाकला.

"ह्या दुखणा फक्त बांगड्यांक भिता," ती मथुराकाकीला म्हणाली. "सुरमयेचा नाव काढल्यार दुखणा नाय."

सत्यवानाला टाचेपेक्षा हे जास्त लागलं. वीस वर्षांचा संसार झाला होता, नाव सत्यवान होतं, आणि बायको त्याला सोंगाड्या म्हणत होती.

पण खरं संकट पुढेच होतं. सातेरीची जत्रा मार्गशीर्षात. जत्रेला देवीची पालखी निघते, आणि पालखीचा पुढचा उजवा खांदा हा सत्यवानाच्या घराचा मान. त्याच्या आज्यापणज्याच्याही आधीपासूनचा. गावात मानाचा नियम कडक आहे: ज्याने पालखी उचलायची त्याने जत्रेच्या दिवशी अनवाणी उचललीच पाहिजे. नाही उचलली तर मान शेजारच्या घराकडे जातो. आणि एकदा गेलेला मान परत आल्याचं वडभाटीत कुणाला आठवत नाही. ढोलाचा मान असाच एका घरातून टायफॉइडमुळे गेला, तर त्या घरातले लोक अजून ढोल वाजला की कानात बोटं घालतात.

शेजारचं घर होतं गणपत गावकराचं. गणपत हा सत्यवानाचा चुलतभाऊ. त्याच्या घराकडे फक्त पालखीपुढची मशाल धरायचा मान होता, आणि त्याच्या तीन पिढ्या मशालीच्या उजेडात पालखीच्या दांड्याकडे बघत गेल्या होत्या. सत्यवानाची टाच दुखते हे कळल्यापासून गणपतच्या स्वभावात एकदम प्रेमळपणा आला. रोज सकाळी तो दोन घरांमधल्या गडग्यापलीकडून विचारायचा.

"सत्यवाना, टाच कशी आसा रे?"

"बरी आसा."

"बरी आसा?" गणपतचा चेहरा पडायचा. "नाय, पण जपाक होया हां. जत्रेचा मी बगतंय. तू आराम कर."

त्यामुळे सत्यवान गणपतच्या घरासमोरून जाताना लंगडत नसे. दात चावून ताठ चालायचा आणि वळण गेलं की आंब्याला मिठी मारून उभा राहायचा.

मग सुरू झाले उपाय. पहिला मथुराकाकीचा: वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि पानावर टाच. पान जळालं, वीट तापलेली राहिली आणि टाचही तिथेच राहिली. दुसरा उपायही काकीचाच, बिब्ब्याचा. बिब्बा गरम करून टाचेला चटका द्यायचा. त्यासाठी सत्यवानाला पालथं निजवलं. पालथ्या माणसाचा उजवा पाय कुठला, यावर काकीने फार वेळ घालवला नाही. चटका डाव्या टाचेला बसला आणि हा मोठा फोड आला. आता दोन्ही पाय दुखायला लागले. निदान चाल तरी एकसारखी झाली, असं काकीने समाधान केलं.

कचेरीतल्या एकाने एक्स-रे काढायला लावला. एक्स-रेत टाचेच्या हाडाला पुढे आलेलं एक टोक दिसलं. सत्यवानाने तो फोटो उजेडाकडे धरून आख्ख्या एसटीला दाखवला. कंडक्टरने तिकिटं देणं थांबवून पाहिला आणि म्हणाला, "कांट्यार चलतास तुमी, काका." तेव्हापासून सत्यवान स्वतःकडे फार आदराने बघू लागला.

शेवटी दसऱ्याच्या सुमाराला तो एक्स-रे घेऊन मालवणात डॉक्टर नीरजा यांच्याकडे गेला. पोरसवदा फिजिओथेरपिस्ट, नवीनच दवाखाना. स्टँडपासून चालत गेल्यामुळे पोचेपर्यंत टाच अर्थातच दुखायची थांबली होती. सत्यवान खजील होऊन खुर्चीवर बसला. आता हीपण म्हणणार, मग आलात कशाला?

"सकाळी उठल्यावरची पहिली काही पावलं सगळ्यात जास्त दुखतात ना?" नीरजाने विचारलं. "आणि बसून उठलात की परत? चाललं की कमी होतं?"

सत्यवानाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. जगात एक माणूस त्याचं ऐकत होतं, तेही त्याने तोंड उघडायच्या आधी.

नीरजाने समजावून सांगितलं. तळपायात टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो टाचेपाशी दुखावलाय. बसल्या-निजल्या तो आखडतो, आणि उठल्याबरोबर त्याच्यावर सगळा भार आला की कळ येते. एक्स-रेतल्या टोकाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. "अहो, असं टोक टाच अजिबात न दुखणाऱ्यांच्याही पायात सापडतं." सत्यवानाला ते जरा अपमानास्पद वाटलं. एसटीत त्याच्यावर एवढा जीव जडला होता लोकांचा.

"मग औषध?"

"व्यायाम. उठायच्या आधी पाय मांडीवर घेऊन बोटं स्वतःकडे ओढायची. दिवसातून काही वेळा भिंत ढकलायची, दुखरा पाय मागे ठेवून, टाच न उचलता. तीसपर्यंत मोजायचं, मध्ये सोडायचं नाही. घरातसुद्धा मऊ टाचेची चप्पल. जरूर पडली तर मी पायाला चिकटपट्टी बांधून देईन. वजन थोडं उतरवा. आणि धीर धरा, याला काही महिने लागतात. पण बहुतेकांचं बरं होतं."

"ह्याचा पुरावा?" सत्यवानाने विचारलं. कचेरीत पुराव्याशिवाय तो कुणाला रहिवासी दाखलाही देत नसे.

"यावर अभ्यास झालेत. दुखणाऱ्या लोकांचे दोन गट केले. कुणी कुठल्या गटात जायचं, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं…"

"म्हणजे देवाला कौल लावला!"

"जवळपास. फक्त त्यानंतर कुणाला किती बरं वाटलं ते मोजलं. हा व्यायाम करणाऱ्यांना जास्त बरं वाटलं."

कौल लावून ठरवलेलं औषध म्हटल्यावर सत्यवानाला आणखी काही विचारायचं उरलं नाही. फक्त एकच विनंती त्याने केली: हे सगळं माझ्या बायकोला फोनवर सांगा. नीरजाने बिचारीने फोन लावला. पलीकडून सुगंधाने सगळं ऐकून घेतलं आणि मनातला मुख्य प्रश्न टाकला.

"डॉक्टरीनबाय, मगे ह्येंचा दुखणा बांगडे आणूक सांगल्यारच कित्याक वाढता?"

"कारण तेव्हा ते बसलेले असतात," नीरजा म्हणाली.

एवढी साधी गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही याचं सुगंधाला फार वाईट वाटलं. त्या संध्याकाळी ती स्वतः बंदरावर जाऊन बांगडे घेऊन आली, आणि पानात वाढताना तिने सत्यवानाला एक बांगडा जास्त वाढला. (वजन उतरवण्याचा भाग फोनवर सांगायचा राहिला होता.)

चपलेचं मात्र अवघड झालं. घरात देवघर, देवघराच्या भिंतीला लागून चूल. तिथे चप्पल? सुगंधाने दोन दिवस विचार करून तोड काढली. नवीन चप्पल आणली, ती दुकानातून पायात न घालता पिशवीतून आणली, तुळशीपाशी ठेवून तिच्यावर पाणी शिंपडलं आणि ती सोवळ्यातली चप्पल म्हणून जाहीर केली. तिने उंबरा ओलांडायचा नाही. पाहुण्यांनी तिला शिवायचं नाही. चार दिवसांनी सवयीने सत्यवान ती घालून अंगणात गेला, तेव्हा सुगंधाने त्याला बाहेर उभा करून चप्पल आधी धुतली आणि नवऱ्याला मागाहून.

आणि सत्यवान रोज भिंत ढकलू लागला. मथुराकाकीने खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, "भित पडता काय रे?" तिला त्याने सगळं शास्त्र समजावलं. मग गावालाच समजावलं. एसटीत, देवळात, केस कापायच्या दुकानात, भेटेल त्याला तो सांगायचा: "खरा दुखणा पयल्या पावलाक वरडता! चलल्यार कमी जाता. ज्येचा चलल्यार वाढता, तेचा दुखणा वेगळा!" दोन गट, चिठ्ठ्या, मोजणी, सगळं सांगायचा. वडभाटीत लहान पोरांनासुद्धा हे पाठ झालं. टाच थोडी थोडी निवळत होती. पण जत्रा उजाडली तेव्हा पहिल्या पावलाची कळ होतीच.

जत्रेच्या दिवशी सकाळी सत्यवान मालवणला जाऊन नीरजाकडून टाचेला कातडीच्या रंगाची पट्टी बांधून आला. चप्पल चालणार नव्हती, पट्टी दिसणार नव्हती. बेत पक्का होता. फक्त भजन एवढं लांबेल हे त्याच्या हिशोबात नव्हतं. मानकरी म्हणून त्याला देवळात पुढे मांडी घालून बसवलं, आणि भजनी मंडळींनी एकेक अभंग असा धरला की सोडायला तयार होईनात. समोर गणपत मशाल घेऊन उभा. तो सत्यवानाच्या मांडीकडे बघून हसत होता. आता उठेल, पहिलं पाऊल टाकेल, आणि बसेल.

सत्यवानाने डोकं चालवलं. पालखी उठायला थोडा वेळ होता. तो सरकत सरकत मंडपाच्या खांबापाशी गेला, खांबाला धरून उठला, दुखरा पाय मागे टाकला, दोन्ही हातांनी खांब ढकलायला लागला आणि मोठ्याने मोजू लागला. कळ अशी होती की चेहरा वाकडा झाला, डोळे मिटले, अंग थरथरायला लागलं.

भजन थांबलं.

"बाय इली!" देवळाचा पुजारी शिवा गुरव ओरडला. "सत्यवानाच्या अंगात बाय इली!"

देवी अंगात आली म्हटल्यावर ढोल घुमू लागला. बायकांनी पदर पसरले. शिवा गुरव हात जोडून पुढे आला आणि त्याने गाऱ्हाणं घातलं.

"बाये सातेरी माउली, आज तू हयसर हजर झालंस म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!" आख्खा मंडप.

"तुजा काय मागणा आसा, ता लेकरांक सांग म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

"अठरा… एकोणीस…" सत्यवान. मोजणी मध्ये सोडायची नाही असं नीरजाने सांगितलं होतं, आणि सत्यवान कचेरीत असो की देवळात, वरून आलेला आदेश मोडणारा माणूस नव्हता. गाव श्वास रोखून आकडे ऐकत राहिलं. "अठ्ठावीस… एकोणतीस… तीस!" म्हणून त्याने मोठा सुस्कारा सोडला आणि रग घालवायला पाय समोर लांब करून झटकला. पायाच्या नेमक्या समोर गणपत होता.

"तीस नारळ!" शिवा गुरव म्हणाला. "गणपताच्या बागेतले! पायान दाखवल्यान!"

"अरे, ह्येच्या टाचेक कायतरी चिकटवलेला आसा!" गणपत कळवळून ओरडला. "बगा तरी!" पण देवीने ज्याच्याकडे बोट नाही, आख्खा पाय दाखवला, त्याचं कोण ऐकणार? सत्यवानाने तोंड उघडलं होतं, "मी व्यायाम करतंय" असं सांगायला. पण गळ्यात हार पडला आणि हार तोंडावरूनच आला. बायकांच्या घोळक्यात सुगंधा उभी होती. तिला सगळं समजलं होतं. तिने पदर तोंडाशी धरला आणि देवीला नमस्कार केला.

पालखी उठली. सत्यवानाने पुढचा उजवा खांदा दिला, डोळे मिटून पहिली पावलं काढली, ओठ चावला, आणि पुढे टाच सुटली. आता एकच धोका होता. पालखी घरोघरी थांबते, बायका ओवाळतात, गाऱ्हाणी होतात. थांबलं की टाच आखडणार. म्हणून सत्यवान थांबलाच नाही. प्रत्येक दारात तो जागच्या जागी पावलं टाकत राहिला. त्याच्या तालावर दांडा हलला, दांड्याबरोबर पालखी हलली आणि बाकीचे तिघे नाइलाजाने नाचू लागले.

"बाय नाचता!" लोक म्हणाले. अशी पालखी वडभाटीने पूर्वी पाहिली नव्हती. ओवाळणाऱ्या बायकांचे दिवे विझत होते, कुंकू भलत्याच्याच कपाळाला लागत होतं, ढोलवाला घामाघूम झाला होता.

मग आलं गणपतचं दार. गणपतने दोन दिवसांपूर्वी अंगणात नवी खडी टाकून घेतली होती. टोकदार, धारदार. जत्रेसाठी अंगण नीट केलं, असं तो सगळ्यांना सांगत होता. सत्यवानाने ती खडी पाहिली आणि त्याच्या टाचेने त्याला विचारायच्याही आधी निर्णय घेतला. पालखी गणपतच्या दाराशी आली आणि वळली. गर्दी चुकचुकली. मागच्यांनी ओढून पालखी परत आणली. ती खडीच्या काठापर्यंत गेली, तिथे थोडी नाचली आणि पुन्हा वळली.

"बाय गणपताच्या घराक येणा नाय!" कुणीतरी म्हणालं. देवी दारात न येता निघून जाणं म्हणजे त्या घरावर तिचा कोप, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. गणपतची बायको ओवाळणीचं ताट घेऊन रडायला लागली.

तिसऱ्यांदा पालखी वळली तेव्हा गणपतने मशाल दुसऱ्याच्या हातात दिली आणि रस्त्यात आडवा पडला.

"बाये, चुकलंय मी!" तो ओरडला. "सत्यवानाची टाच जत्रेपर्यंत बरी होव नये म्हणान मीया तुका नवस बोललंय! ही खडी पण तेच्यासाठीच घातलंय! माका पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!" गर्दी सवयीने म्हणाली, आणि मग काय ऐकलं ते ध्यानात येऊन गप्प झाली.

पोरांनी खडी बाजूला सारली, कुणीतरी तिथे गवताचा भारा पसरला. सत्यवान गवतावरून मऊमऊ पावलं टाकत अंगणात गेला आणि पालखी गणपतच्या दारात सगळ्यात जास्त वेळ नाचली. पुढे प्रदक्षिणा पुरी झाली, पालखी देवळात टेकली, आणि सत्यवानाने दांड्याला कपाळ लावलं तेव्हा त्याला रडू आवरलं नाही. मान राहिला होता. नीरजाची पट्टी सुटून पायाला लोंबत होती, ती शिवा गुरवाने प्रसाद म्हणून मागून घेतली.

गोष्ट इथे संपली असती तर सत्यवान सुखी झाला असता. पण त्याने व्यायाम चालू ठेवला. मऊ चप्पल, भिंत, बोटं ओढणं, सगळं नेमाने. सुगंधाने बांगडेही मोजून वाढायला सुरुवात केली. आंबे पिकायला लागले त्या सुमारास एका सकाळी तो खाटेवरून उतरला, विहिरीवर गेला, तोंड धुतलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण ओरडलोच नाही. टाच बरी झाली होती. लग्नातली पँट आणली, तर हूकसुद्धा लागला. तो एवढा खूश झाला की गडग्यापाशी जाऊन गणपतलाही सांगून आला.

गणपत मात्र खालीच बसला होता, पाय हातात धरून. जत्रेनंतर त्याने प्रायश्चित्त घेतलं होतं: वर्षभर रोज सकाळी अनवाणी देवळात जाऊन नारळ ठेवायचा. त्याच जांभा टाकलेल्या रस्त्याने. मधून.

"सत्यवाना," तो म्हणाला, "उठलंय काय पयल्या पावलाक अशी कळ येता, काय सांगू तुका! मगे चलल्यार कमी जाता."

सत्यवानाला खरंच त्याची दया आली. त्याने नीरजाचा पत्ता दिला, व्यायाम करून दाखवला. पण तोपर्यंत गावाने अर्थ लावून टाकला होता. बाय सत्यवानाच्या टाचेत होती, तेव्हा पालखी नाचली. आता सत्यवानाची टाच बरी आहे आणि गणपतची दुखते. म्हणजे बाय घर बदलून गेली. गणपतलाही हे पटायला फार वेळ लागला नाही. त्याने पत्ता परत केला. सत्यवान मग घाबरून त्याच्या मागेच लागला. मऊ चप्पल घेऊन गेला, पट्टी घेऊन गेला, एकदा तर गणपत ओसरीवर निजलेला असताना त्याच्या पायाची बोटं ओढायला लागला. गणपतने लाथ मारली.

"माझ्या टाचेक हात लावू नको! तुका बाय परत होयी!"

पुढच्या मार्गशीर्षात जत्रेआधी देवळात बैठक बसली. मान कुणाचा, हे देवीनेच दाखवावं, असं ठरलं. आणि ज्याच्या टाचेत देवी आहे त्याची टाच ओळखायला कौल लावायचीही गरज नव्हती, कारण खूण आख्ख्या गावाला पाठ होती. ती सत्यवानानेच पाठ करून घेतली होती. दोघांनी भजनभर मांडी घालून बसायचं, मग उठून चालायचं.

सत्यवानाने आदल्या दिवशी ठरवलं होतं: ओरडायचं. खोटं असेल, पण पणज्याच्या मानापुढे खरंखोटं काय? भजन संपलं. आधी गणपत उठला. पहिल्याच पावलाला "आई गेऽ!" म्हणून तो असा ओरडला की घंटा वाजल्यासारखी वाटली. मग खांबापर्यंत गेला आणि परत येताना बऱ्यापैकी नीट आला. गाव माना डोलवत राहिलं.

मग सत्यवान उठला. कित्येक महिन्यांपासून टाच मोकळी, अंग हलकं, पँट सैल. तो सवयीने झपाझप निघाला. खांब हाताशी आला तेव्हा त्याला आठवलं. त्याने जागेवरच थांबून तोंड वाकडं केलं आणि जीव तोडून ओरडला, "मेलंय रे मेलंय!" आणि तिथून पुढे प्रत्येक पावलागणिक जास्तच लंगडत परत आला.

मंडपात आधी कुणी हसलं नाही. पाच-सहा वर्षांच्या एका पोरीने आपल्या आईला मोठ्याने सांगितलं, "आये, ह्येचा तर चलल्यार वाढता!" मग शिवा गुरवसुद्धा देवीकडे पाठ करून हसला. पालखीचा पुढचा उजवा खांदा गणपतच्या घराकडे गेला आणि मशाल सत्यवानाच्या हातात आली.

जत्रा झाली. गणपतने पालखी अशी नाचवली की लोक मागचं वर्ष विसरले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सत्यवान पडवीत पेपर घेऊन बसला होता, पण वाचत नव्हता. त्याचा जीव कशातच लागत नव्हता. आतून सुगंधाने हाक मारली.

"अवो, होड्ये लागले. बांगडे आणतास काय?"

आज बंदरावर कुणाला तोंड दाखवायची त्याची इच्छा नव्हती. तो उठला, पडवी ओलांडली, दाराच्या चौकटीपाशी पोचला आणि चौकट धरून कण्हला, "आई गो, टाच!"

सुगंधाने चुलीपुढून मान वळवूनही पाहिलं नाही.

"पाचव्या पावलाक वरडलास," ती म्हणाली. "पिशवी खुंटयेक आसा."